पाळी आली की सगळं विरतं, मग हा आजार कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय 31. लग्नाला पाच वर्षं झाली, नोकरी करते. पाळीच्या आठ-नऊ दिवस आधी मी वेगळीच कुणीतरी होते. क्षुल्लक कारणावरून नवऱ्यावर इतकी ओरडते की घसा बसतो, मग बाथरूममध्ये जाऊन रडत बसते. फोनमध्ये राजीनाम्याचा मसुदा तयार आहे, दर महिन्याला तो उघडते. गेल्या दोन महिन्यांत रस्ता ओलांडताना असंही वाटून गेलं, की एखादी गाडी अंगावर आली तर बरं, एकदाची सुटेन. पाळी सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं विरतं आणि मला माझीच लाज वाटते. हार्मोन्सच्या तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणतात, पाळी सगळ्याच बायकांना येते, तू फार मनाला लावून घेतेस. मला वेड लागतंय का? आणि यातली खरी मी कोणती?"

तुमच्या पत्रातलं रस्ता ओलांडण्याचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मी तिथेच थांबले. सुरुवात मी त्यापासूनच करणार आहे.

आत्ता हे वाचताना तुमचे ते दिवस चालू असतील आणि मरण्याचा विचार नुसता येऊन जात नसेल, कसं आणि कधी हेही मनात घोळत असेल, तर पुढचं वाचायचं थांबवा. घरात जे कुणी असेल त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, "मला मरावंसं वाटतंय, मला एकटीला ठेवू नकोस," आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. "दोन दिवसांत पाळी येईलच, मग ठीक होईन" असा हिशेब त्या रात्री करू नका. विचार नुसता येऊन जात असेल, तरीही तो डॉक्टरांना सांगायचा आहे. त्याला क्षुल्लक समजायचं नाही. पाळीपूर्व मनोविकार असलेल्या स्त्रियांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2021 साली प्रसिद्ध झाला. आत्महत्येचे विचार त्यांच्यात इतर स्त्रियांच्या मानाने जवळपास चौपट आढळले, आणि आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण जवळपास सातपट. हे आकडे घाबरवायला सांगत नाही. "पाळीच्या आधी होतंच असं" म्हणून हे अंगावर काढायचं नाही, एवढंच त्यातून घ्या.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. तुम्हाला वेड लागलेलं नाही, आणि हे नाटकही नाही. तुम्ही जे लिहिलंय ते प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, म्हणजे पीएमडीडी, या आजाराशी फार जुळतं. पत्रावरून निदान करता येत नाही, आणि या आजाराचं तर नाहीच. ते का, हे पुढे येईल. पण तुम्ही समोर बसला असतात तर माझ्या मनात हेच नाव सगळ्यात वर असतं.

पीएमएस, म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम, हा शब्द तुम्ही ऐकला असेल. पाळीच्या आधी छाती जड वाटणं, पोट फुगणं, जरा चिडचिड, डोळ्यांत पटकन पाणी येणं, हे बहुतेकींना कमी-अधिक होतं आणि त्यात आजार म्हणावं असं काही नसतं. काहींना याचा त्रास जास्त होतो, तो पीएमएस. पीएमडीडी त्याच्याही पलीकडचा. त्यात मुख्य घाव मनावर पडतो: अचानक पालटणारा मूड, अनावर राग, गडद निराशा किंवा सतत ताणलेली, धास्तावलेली अवस्था. या चारांपैकी निदान एक तरी ठळक हवं. त्याच्या जोडीला कशातच रस न वाटणं, लक्ष न लागणं, गळून जाणं, खा-खा सुटणं, झोप फार किंवा फार कमी होणं, सगळं हाताबाहेर गेल्यासारखं वाटणं आणि शरीराच्या तक्रारी, असं सगळं मिळून किमान पाच लक्षणं. आणि त्यामुळे काम, नाती, घर यांत प्रत्यक्ष बाधा आलेली असायला हवी. दोन पाळ्यांची रोजची नोंद ठेवून नेमकं निदान केलं, तर साधारण 1.6 टक्के स्त्रियांमध्ये हा आजार आढळतो. नुसत्या आठवणीवर विसंबलं तर आकडा बराच फुगतो. म्हणजे तुमच्या घरचे म्हणतात तशी पाळी सगळ्यांना येते हे खरं, पण हे सगळ्यांना होत नाही.

या त्रासाची वैद्यकातली नोंद तशी जुनी आहे. रॉबर्ट फ्रँक या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने 1931 मध्ये पाळीपूर्व ताणाचं वर्णन केलं. 1953 मध्ये कॅथरीना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी ब्रिटनमधून त्यावर लिहिलं आणि पाळीपूर्व त्रासांना प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम हे नाव मिळालं. तरीही मानसोपचाराच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत, डीएसएममध्ये, पीएमडीडीला पूर्ण मान्यता मिळायला 2013 साल उजाडलं. तोवर तो परिशिष्टात, अजून अभ्यास हवा अशा शेऱ्यासह होता. उशिराचं एक कारण विचार करण्यासारखं होतं. पाळीशी जोडलेल्या मनोविकाराला अधिकृत नाव दिलं, तर सगळ्याच स्त्रियांना "महिन्यातून एकदा बिघडणाऱ्या" ठरवायला लोकांना निमित्त मिळेल, अशी भीती अनेक स्त्री-अभ्यासकांनीच मांडली होती. ती भीती मला आजही बिनबुडाची वाटत नाही, त्यावर पुढे बोलू. पण नाव नसल्याची किंमत ज्यांनी मोजली, त्या बायका मी समोर बसलेल्या पाहिल्या आहेत.

तुमचे रिपोर्ट नॉर्मल आले, याचा अर्थ "काही नाही" असा तुम्ही लावलात, आणि बहुधा तुम्हाला तसंच सांगितलंही गेलं. पीएमडीडीमध्ये हार्मोन्स नॉर्मलच असतात. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन दोन्ही इतर कुणाही स्त्रीइतकेच. त्यांच्या नेहमीच्या चढउताराला मेंदू जो प्रतिसाद देतो, तो निराळा असतो. हे दाखवणारा एक प्रयोग 1998 मध्ये प्रसिद्ध झाला आणि मला तो आजही फार महत्त्वाचा वाटतो. पाळीपूर्व त्रास तीव्र असलेल्या काही स्त्रियांना आणि असा त्रास अजिबात नसलेल्या काही स्त्रियांना बीजांडकोशाचं काम तात्पुरतं बंद पाडणारं औषध दिलं गेलं. त्रास असलेल्यांपैकी ज्यांना त्याने आराम पडला, त्यांना नंतर इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन बाहेरून परत दिलं. त्यांची निराशा, चिडचिड परत आली. त्रास नसलेल्या स्त्रियांना हीच हार्मोन्स तशीच दिली, त्यांच्या मनःस्थितीत काही फरक पडला नाही. हार्मोन तेच, प्रमाण तेच, दोन गटांचा अनुभव मात्र पूर्ण वेगळा. 2017 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांना पीएमडीडी असलेल्या स्त्रियांच्या पेशींतही वेगळेपण सापडलं. या दोन हार्मोन्सना प्रतिसाद देणाऱ्या जनुकांच्या एका समूहाचं काम त्यांच्यात निराळ्या पद्धतीने चालतं. म्हणजे ज्याला घरी "स्वभाव" म्हणतात, त्याची मुळं पेशींपर्यंत गेलेली आहेत.

थोडं आणखी आत जाऊ. महिन्याच्या मध्यावर स्त्रीबीज बाहेर पडतं, मग प्रोजेस्टेरॉन वाढतं. मेंदूत त्याचा एक भाग अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन या रसायनात बदलतो. बहुतेकींच्या मेंदूत हे रसायन झोपेच्या गोळीसारखं, शांतवणारं काम करतं. मेंदूला आवर घालणारी जी गाबा नावाची यंत्रणा आहे, तिला ते बळ देतं. पीएमडीडीमध्ये ही यंत्रणा या रसायनाच्या चढउताराशी नीट जुळवून घेत नाही, आणि ज्याने शांत वाटायचं त्यानेच बेचैनी आणि चिडचिड वाढते. मनःस्थितीशी जोडलेल्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचाही यात वाटा आहे. म्हणूनच हा त्रास स्त्रीबीज सुटण्याच्या आधी नसतो, गरोदरपणात साधारणपणे थांबतो आणि पाळी कायमची गेली की संपतो. पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत मात्र हार्मोन्सचे हेलकावे मोठे होतात, आणि तेव्हा काहींना तो वाढलेला जाणवतो.

तर रक्तात काही सापडत नाही. मग सापडतं कुठे? तारखांत. आणि इथे तुम्हाला थोडं काम आहे.

एक साधी वही घ्या किंवा फोनमध्ये तक्ता करा. रोज रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटं. राग, उदासी, ताण, मूड पालटणं, झोप, थकवा, कामात किंवा नात्यांत आलेली अडचण आणि मरणाचे विचार, या प्रत्येकापुढे 1 ते 6 मधला एक आकडा. 1 म्हणजे अजिबात नाही, 6 म्हणजे टोकाचं. पाळी चालू असेल त्या दिवसापुढे खूण. बस, एवढंच. आकडा त्याच रात्री लिहायचा, आठवड्याचा एकदम आठवून भरायचा नाही. आठवण फसवते, कारण वाईट दिवसांत मागचं सगळंच वाईट दिसतं आणि चांगल्या दिवसांत "तेवढं काही नव्हतं" वाटतं. निदानासाठी किमान दोन पाळ्यांची नोंद लागते. पत्रावरून निदान करत नाही म्हटलं, ते यासाठी.

एका शिक्षिकेची वही मला अजून डोळ्यांसमोर दिसते. (तिची ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) रागाच्या रकान्यात एकापाठोपाठ 1, 1, 2, 1, 1. पाळीच्या नऊ दिवस आधी 3. मग 5, 5, 6, 6, 6. अक्षरही बदललेलं. एरवी मुलांच्या वह्या तपासते तसं नीटनेटकं, आणि सहाच्या आकड्यांपाशी पेन कागदात रुतलेलं. एका दिवशी आकडाच नाही, नुसती तिरकी रेघ. दुसऱ्या दिवशी पाळीची खूण, आणि पुढे 4, 2, 1. तिसऱ्या महिन्याचं पान उलटेपर्यंत मला तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तीच बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, हे तर वेळापत्रक आहे." आणि रडली. मला ते सुटल्याचं रडणं वाटलं. बारा वर्षं ती स्वतःला दुष्ट बाई समजत होती.

या वहीबद्दल मी इतकी आग्रही का, त्यालाही कारण आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणीवर मी वर्षभर नैराश्याचे उपचार केले. कधी ती यायची तर हसतमुख, कधी यायची तर ओळखू येऊ नये इतकी खचलेली. मी डोस वाढवत-कमी करत राहिले, स्वभावातल्या अस्थिरतेवर बोट ठेवत राहिले. पाळीची तारीख मी एकदाही विचारली नव्हती. ती चूक माझी होती आणि तिचं एक वर्ष त्यात गेलं. तेव्हापासून पाळी येणारी कुणीही स्त्री समोर आली, तक्रार काहीही असो, तारीख विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

वही आणखी एक गोष्ट सांगते. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात आकडे खरोखर 1-2 वर येतात का? येत असतील तर पीएमडीडीची शक्यता बळावते. पण त्या आठवड्यातही आकडे 3-4 वरच रेंगाळत असतील आणि पाळीआधी 6 ला जात असतील, तर मुळात दुसरा आजार आहे आणि पाळीपूर्वी तो उफाळतो, असा विचार करावा लागतो. नैराश्य, चिंताविकार, बायपोलर (टोकाचा उत्साह आणि नैराश्य यांचा आजार), एडीएचडी (लक्ष एकाग्र न होण्याचा विकार), जुन्या आघाताचे परिणाम, हे सगळे पाळीआधी चिघळू शकतात. "मला पीएमडीडी आहे" म्हणत आलेल्यांपैकी बऱ्याच जणी या दुसऱ्या गटातल्या निघतात. उपचाराची दिशा त्यावर ठरते, म्हणून हा फरक महत्त्वाचा. विशेषतः कधी काळी अनेक दिवस झोपेची गरजच न वाटता अफाट उत्साह, भरमसाट बोलणं, बेफाम खर्च असं झालं असेल, किंवा घरात कुणाला बायपोलर असेल, तर तो तपशील डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही गोळ्या अशा वेळी उलटतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. हार्मोन्सच्या महागड्या तपासण्या पुन्हा करू नका, पाळी नियमित असेल तर त्यातून काही हाती लागत नाही.

"महिन्याचे आठच दिवस ना," असं म्हणणाऱ्यांना मी हिशेब करायला सांगते. वर्षात साधारण तेरा पाळ्या, प्रत्येकीआधी आठ दिवस, म्हणजे 104 दिवस. आणि त्रास त्या 104 दिवसांवर थांबत नाही, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. पाळी आली, डोकं मोकळं झालं की सुरू होते निस्तरण्याची वेळ. बोलून गेलेल्या शब्दांची माफी, अर्धवट पडलेली कामं, ज्या मैत्रिणीचा फोन उचलला नाही तिला दिलेलं खोटं कारण. ते आवरतं न आवरतं तोच कॅलेंडरकडे नजर जाते आणि पोटात गोळा येतो, की आता आठ दिवसांनी पुन्हा. चांगले म्हणावेत असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात, आणि तेही धास्तीत जातात.

वर्षानुवर्षं असं चाललं की माणसाचा स्वतःवरचा भरवसा उडतो. मी दिलेला शब्द मी पाळीन का, हे तिचं तिलाच सांगता येत नाही. मोठी जबाबदारी घ्यायची वेळ आली की ती मागे सरते, कारण ते काम कोणत्या तारखेला पडेल याचा अंदाज नसतो. मूल हवं की नको हा निर्णयसुद्धा काही जणी या धास्तीने पुढे ढकलतात. नात्यांत आणखी वाईट घडतं. समोरचा हळूहळू तुमच्या प्रत्येक भावनेचा पाळीशी संबंध लावू लागतो, आणि तुम्ही प्रत्येक भावनेची माफी मागू लागता. आळीपाळीने येणाऱ्या या खचण्यातून काहींना पुढे कायमचं नैराश्यही जडतं. ज्यांना पाळीपूर्व त्रास तीव्र आहे त्यांना बाळंतपणाच्या आगेमागे नैराश्य येण्याचा धोकाही जास्त असतो. पुढे तसा विचार असेल तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हे आधीच सांगून ठेवा.

"यातली खरी मी कोणती?" हा तुमचा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. सोपं उत्तर असं असतं की चांगल्या दिवसांतली खरी, बाकीचा आजार. मी हे उत्तर देत नाही, कारण ते पूर्ण खरं नाही. त्या दिवसांत तुम्ही ज्या गोष्टींवर ओरडता, त्यांतल्या काही मुळात ओरडण्यासारख्या असतात. घरातलं सगळं काम तुमच्याच अंगावर पडत असेल, ऑफिसात वरिष्ठ चारचौघांत अपमान करत असेल, तर ते महिनाभर तसंच असतं. एरवी तुम्ही गिळता, त्या आठ दिवसांत गिळायची ताकद उरत नाही. आजार त्या तक्रारीचा आवाज कानठळ्या बसतील इतका वाढवतो, पण दर वेळी तक्रार त्याने बनवलेली असतेच असं नाही. म्हणून मी दोन गोष्टी एकत्र सांगते. त्या दिवसांत मोठा निर्णय घ्यायचा नाही: राजीनामा नाही, घटस्फोटाची भाषा नाही, नातं तोडणारा मेसेज नाही. आणि त्या दिवसांत सुचलेलं सगळं नंतर कचऱ्यातही टाकायचं नाही. लिहून ठेवा, पाळीनंतरच्या आठवड्यात शांतपणे वाचा. जे तेव्हाही खटकतं, त्यावर तेव्हाच बोला, डोकं ताळ्यावर असताना. "तुझी तारीख जवळ आली वाटतं" हे वाक्य घरात कुणी तुमचं तोंड बंद करायला वापरत असेल, तर ते या आजाराच्या नावाचा गैरवापर करत आहेत.

उपचार आहेत, आणि चांगले आहेत. सगळ्यात भक्कम पुरावा एसएसआरआय गटातल्या, म्हणजे सेरोटोनिनवर काम करणाऱ्या, गोळ्यांचा: फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम. अमेरिकेच्या औषध नियामकाने फ्लुओक्सेटिनला पीएमडीडीसाठी 2000 सालीच मंजुरी दिली. दहापैकी साधारण सहा-सात जणींना त्यांचा चांगला उपयोग होतो. नैराश्यात याच गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, पीएमडीडीत मात्र तो काही दिवसांतच दिसतो. याचं कारण बहुधा या गोळ्या मघाच्या अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनवरही काम करतात हे असावं. त्यामुळे पाळी नियमित असेल तर काही जणींना गोळी महिनाभर घ्यावीच लागत नाही. स्त्रीबीज सुटल्यापासून, म्हणजे पाळीच्या साधारण चौदा दिवस आधीपासून, पाळी सुरू होईपर्यंत घेतली तरी चालते. मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल, लैंगिक इच्छा कमी होणं हे दुष्परिणाम होऊ शकतात. त्यातल्या शेवटच्याबद्दल स्त्रिया विचारायला संकोचतात आणि गोळी गुपचूप सोडून देतात. विचारा, डोस किंवा औषध बदलता येतं. वय पंचविशीच्या आतलं असेल तर पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. आणि या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून, उरलेल्या पाकिटातून घेऊ नयेत, हे सांगायला हवं.

दुसरा मार्ग स्त्रीबीज सुटणंच थांबवायचा. ड्रॉस्पायरेनोन असलेली एक विशिष्ट गर्भनिरोधक गोळी, 24 दिवस औषधाची आणि 4 दिवस बिनऔषधाची, तिला 2006 मध्ये अमेरिकेत पीएमडीडीसाठी मंजुरी मिळाली. धूम्रपान करणाऱ्या पस्तिशीपुढच्या स्त्रिया, ज्यांना रक्ताची गुठळी झाली आहे त्या, ज्यांना डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी आहे त्या, यांनी ती घेऊ नये. प्रत्येक गर्भनिरोधक गोळी मनाला मानवतेच असंही नाही, काहींना उलट त्रास होतो. तसं झालं तर तुमच्याच शरीराला दोष देऊ नका, डॉक्टरांना सांगून थांबवा. "प्रोजेस्टेरॉन कमी पडतंय" म्हणून वरून प्रोजेस्टेरॉन देण्याची जुनी पद्धत अजून दिसते. तिचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही, आणि वरचा प्रयोग आठवला तर त्याचं आश्चर्य वाटू नये.

कॅल्शियमबद्दल बायका नेहमी विचारतात. 1998 च्या एका मोठ्या चाचणीत रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांची पीएमएसची लक्षणं तिसऱ्या पाळीपर्यंत 48 टक्क्यांनी कमी झाली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांची 30 टक्क्यांनी. म्हणजे फायदा आहे, पण तीव्र पीएमडीडी त्याने आटोक्यात येईल अशी आशा ठेवू नका. मुतखड्याचा त्रास असेल तर आधी विचारून घ्या. ब 6 जीवनसत्त्वाचा डोस मनाने वाढवू नका, जास्त मात्रेने नसांना इजा होते. व्यायाम, झोप, त्या दिवसांत मद्य टाळणं, याने मदत होते. पण ज्या बाईला अंथरुणातून उठवत नाही तिला "रोज चालायला जा" एवढंच सांगून पाठवणं मला अन्याय वाटतो.

मानसोपचारांपैकी सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं यांच्यावर काम करणाऱ्या पद्धतीचा, उपयोग होतो. हार्मोन्सची लाट त्याने थांबत नाही, पण लाट आल्यावर काय करायचं हे आधी ठरवता येतं. सुरक्षेची योजनाही चांगल्या आठवड्यातच लिहून ठेवायची: मरणाचा विचार आला तर पहिला फोन कुणाला, दुसरा कुणाला, घरातल्या गोळ्या आणि धोक्याच्या वस्तू त्या आठ दिवसांत कुणाच्या ताब्यात, कोणत्या रुग्णालयात जायचं. त्या रात्री हे सुचत नाही, वाचता मात्र येतं.

या सगळ्याने भागलं नाही तर बीजांडकोशाचं काम इंजेक्शनने थांबवता येतं. त्यात हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून थोडी हार्मोन्स परत द्यावी लागतात. ती देताना सुरुवातीला त्रास डोकावू शकतो, पुढे प्रमाण स्थिर ठेवलं की बहुतेकींचा तो निवतो. शस्त्रक्रिया अगदी शेवटचा पर्याय. "पिशवी काढली की सुटेन" असं म्हणत येणाऱ्या स्त्रिया मी पाहते. नुसतं गर्भाशय काढून पाळी थांबते, पण बीजांडकोश जागेवर असले तर चक्र आतल्या आत चालूच राहतं आणि त्रासही. तुमच्या वयात हा विचार मनात आणायचंही कारण नाही.

कोणत्या डॉक्टरांकडे जायचं, हा प्रश्न साहजिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गवारीत हा आजार स्त्रीरोगांत नोंदवला आहे आणि नैराश्याच्या विकारांतही त्याचा दाखला दिला आहे. प्रत्यक्षातही तो दोन्हीकडे बसतो. त्यामुळे एकीकडून दुसरीकडे टोलवाटोलवी होते, ती तुम्ही अनुभवली असेल. तुम्हाला मरणाचे विचार येत आहेत, म्हणून तुम्ही सुरुवात मानसोपचारतज्ज्ञापासून करा, आणि दोन महिन्यांची वही पूर्ण व्हायची वाट बघू नका. या आठवड्यात वेळ घ्या, वही तोवर जेवढी झाली असेल तेवढी दाखवा. त्यांनी पाळीची तारीख विचारली नाही तर तुम्ही सांगा.

नवऱ्यालाही हे वाचायला द्या, पण पाळीनंतरच्या दिवसांत. त्याच्यासाठी दोन ओळी. त्या आठ दिवसांत तिचं बोलणं जिंकायच्या वादात ओढू नका. "मला ऐकू येतंय, आपण यावर पुढच्या आठवड्यात बोलू" म्हणा, आणि पुढच्या आठवड्यात खरंच बोला. ती गप्प झाली तर ओरडण्यापेक्षा जास्त लक्ष द्या. मरणाबद्दल थेट विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आणि शिव्याशाप सहन करत राहणं ही तुमच्याकडूनही अपेक्षा नाही. तुम्हालाही लागलं असेल तर ते शांत दिवसांत तिला सांगायचा तुमचा हक्क आहे. आजार आहे म्हणून तिने माफी मागायची नाही असं मी म्हणत नाही. दर महिन्याला निव्वळ माफीवर थांबायचं नाही, एवढं म्हणते.

फोनमधला तो राजीनाम्याचा मसुदा पुसू नका. पाळी सुरू झाल्यापासून आठव्या दिवशी तो उघडा आणि ओळीओळीने वाचा. जी वाक्यं त्या दिवशीही खरी वाटतील, ती वहीच्या मागच्या पानावर उतरवून काढा आणि डॉक्टरांकडे जाताना तेही पान दाखवा.